लाल चौकोन

बहीण मंगळवारी गेली. सकाळी नऊच्या सुमारास ती स्वयंपाकघरात पडली. नवऱ्याने तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती गेली. मी तेव्हा ग्रंथालयात होते.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. विरारजवळ नंदाखालला दिली होती. घराभोवती वाडी आहे; केळी, नारळ, आणि सोनचाफ्याच्या दोन रांगा. तिचे यजमान रोज पहाटे चाफ्याची फुलं आणि केळीची पानं दादरला पाठवतात. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात. घरात त्यांचे वडील, म्हणजे आबा, आणि बहिणीची मुलगी. मुलगी या वर्षी दहावीला आहे. मी आचोळ्यात एकटी राहते आणि एका ज्युनिअर कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न झाल्यावर वर्षभरात बहीण त्यांच्यासारखी पानी आणि लोनी म्हणायला लागली होती. मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, तुझी पुस्तकं तुला, माझं पानी मला लखलाभ.

दहाव्याला आम्ही तळ्यावर गेलो. पिंड ठेवला आणि मागे सरकलो. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली येत नव्हते. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलं आहे असं धरतात, आणि मग जवळची माणसं एकेक करून त्याला शब्द देतात. भाऊ हात जोडून बोलत होते. आबांचं औषधपाणी चुकणार नाही. विहिरीला कठडा बांधीन. पोरीला हवं तेवढं शिकवीन. प्रत्येक वाक्यानंतर सगळे वर बघत. ऊन चढलं. गुरुजींनी एकदा घड्याळ पाहिलं.

मग भाऊंची बहीण पुढे झाली. म्हणाली, "दादा, मोबाइलचं बोल. पोरीला मोबाइलवरनं किती बोलायची ती. येता-जाता."

भाऊ म्हणाले, "पोरीचा मोबाइल मी बंद करतो. शब्द देतो."

एक कावळा झाडावरून नाही, तळ्याच्या पलीकडून आला. पिंडाच्या कडेचा भात त्याने घेतला आणि गेला.

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "तेच होतं तिच्या मनात."

भाची माझ्या शेजारी उभी होती. तिचा फोन तिच्या हातात होता आणि हात ओढणीखाली होता. घरी पोचल्यावर भाऊंनी मागायच्या आत तिने तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कुलपाचे आकडे विचारले, तेही सांगितले. भाऊंनी फोन बंद करून बहिणीच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. मला काही वाटलं नाही. मला भूक लागली होती, एवढं आठवतं.

त्यानंतर आठवड्याने भाऊंचा फोन आला. मी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होते.

"ताई, जरा अडचण आहे," ते म्हणाले. "काल मी तिचा मोबाइल चालू केला. म्हटलं, पूर्ण बंद करायच्या आधी बघावं आत काय आहे. एक फोटो पाठवायचं अ‍ॅप आहे. त्यात एक कुणीतरी आहे. नाव लावलंय केळफूल. त्याच्याशी रोजचं पाठवणं दिसतंय. घड्याळाचं चित्र आहे, आगीचं चित्र आहे. मला काही कळत नाही. मी हात नाही लावला पुढे."

"तिला विचारलंत का?"

"काय विचारू? कोण पोरगा आहे म्हणून विचारू? तिची आई असती तर विचारलं असतं तिने." मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. ते अ‍ॅप काय असतं, पोरं त्यात काय करतात, मला नीट समजवा. वाईट काही निघालं तर सिम तोडून टाकतो आणि तिला परीक्षेपर्यंत आत्याकडे ठेवतो."

मी शनिवारी येते म्हणाले.

मला त्या अ‍ॅपबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझ्या फोनवर मी निरोप वाचते आणि वीजबिल भरते. पण मला एक काम येतं. माहीत नसलेल्या गोष्टीची नोंद कशी करायची ते मला येतं. आमचं ग्रंथालय संगणकावर गेलं तेव्हा पुस्तकांच्या तालिकेची, म्हणजे कॅटलॉगची, कोरी कार्डं उरली होती, खाली मधोमध भोक असलेली. त्यांचे तीन गठ्ठे माझ्या खणात आहेत. मी त्यातलं एक कार्ड काढलं आणि वाचनकक्षात नेहमी बसणाऱ्या अकरावीच्या दोन मुलींना विचारलं.

"मॅम, तुम्ही अकाउंट उघडताय?" एक म्हणाली.

दुसरी म्हणाली, "मॅम, कोणी मागे लागलंय का तुमच्या?"

"ए, गप ना. मॅम, हिला सोडा, विचारा तुम्ही."

मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली की मी हात वर करायचे, आणि त्या वर्गात असल्यासारख्या थांबायच्या. एका शब्दाला एक कार्ड, असं मी ठरवलं होतं. स्ट्रीक: दोघांनी एकमेकांना रोज निदान एक फोटो पाठवणे; एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर येते; पुढे आगीचं चित्र. घड्याळाचं चित्र: मोजणी मोडायला आली आहे, किंवा मोडली आहे, पण जुना आकडा काही दिवस दिसत राहतो. दुसरं खातं: जवळच्या चार-पाच जणांपुरतं, घरच्यांना माहीत नसलेलं. सीन: पाहिलं पण उत्तर दिलं नाही. स्टोरी: सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला फोटो, चोवीस तासांनी नाहीसा होतो. लाल चौकोन: फोटोचा निरोप, आलेला, अजून न उघडलेला.

"आणि हा निरोपाचा फोटो? तो राहतो का?" मी विचारलं.

"तो पण जातो, मॅम," एक म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली आणि दोघी वह्या गोळा करून गेल्या.

मी त्या कार्डावर लिहिलं: नाहीसा होतो. पाहा: स्टोरी.

तालिकेत असं करतात. एका विषयाची माहिती दुसऱ्या कार्डावर असेल तर पुन्हा न लिहिता 'पाहा' असं लिहायचं. अठ्ठावीस वर्षं मी ते करत आले आहे.

शनिवारी मी विरारहून आगाशीची बस घेतली. घरी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. भाची क्लासला गेली होती, सहापर्यंत यायची नव्हती. ओटीवर आबा नारळाच्या झावळीचे हीर काढत बसले होते. बाजूला झाडूचे दोन जुडे झाले होते. भाऊंनी चटई टाकली, मला पाणी दिलं. चहा करतो म्हणाले आणि केला नाही. बहुधा विसरले.

मी कार्डं चटईवर ओळीने मांडली. भाऊंनी त्यांच्याकडे पत्ते मांडल्यासारखं बघितलं.

"एकेक सांगा," ते म्हणाले.

मी स्ट्रीकचं सांगितलं. रोज काहीतरी पाठवायचं, अगदी भिंतीचा फोटोसुद्धा चालतो.

आबा म्हणाले, "भिंतीचा? कशाला? तिकडे भिंत नाय काय?"

"पाठवलं हे महत्त्वाचं, आबा. काय पाठवलं ते नाही."

"बिनकामाचं काम हाय मंग."

भाऊंनी स्ट्रीकचं कार्ड उचलून पाहिलं. मग म्हणाले, "नाही. आपला चाफा तसाच जातो की, आबा. चार फुलं असली तरी पुडा पाठवायचा. एक दिवस गाडी चुकली की तिकडचा माणूस दुसऱ्याचा माल बघतो. मग परत बसवायला महिना जातो."

"तसंच," मी म्हणाले.

त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. दुसऱ्या खात्याचं कार्ड मी वाचलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. घरच्यांना माहीत नसलेलं, हे शब्द त्यांनी परत वाचायला लावले.

मग ते आत गेले आणि फोन घेऊन आले. तो दोन्ही हातांत धरला होता, जसं गरम भांडं धरतात. चालू केला, आकडे दाबले आणि माझ्यापुढे ठेवला.

"हा बघा. केळफूल."

नाव होतं. नावाशेजारी घड्याळ होतं, त्याच्यापुढे आगीचं चित्र आणि दोनशे अकरा हा आकडा. खाली लाल चौकोन होता.

"हा काय?" भाऊंनी विचारलं.

"फोटो आलाय. तिने अजून उघडलेला नाही."

"कोण आहे ते त्यात कळेल का?"

"कळेल बहुतेक."

"मग उघडा."

मी माझ्या कार्डाकडे पाहिलं. नाहीसा होतो. पाहा: स्टोरी. स्टोरीच्या कार्डावर चोवीस तास लिहिलं होतं. मला वाटलं, आता उघडला तर उद्या साडेचारपर्यंत राहील. ती सहाला येईल, तिला पाहता येईल. मी बोट ठेवलं.

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा होता. आमच्या म्हणजे बहिणीच्या. त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, वर्तमानपत्रावर अर्धं सोललेलं केळफूल, आणि स्टीलच्या पातेल्यात ताकाच्या पाण्यात बुडवलेली फुलं. कोपऱ्यात तिचा डावा अंगठा आला होता, चिकाने काळा झालेला. पातेल्याच्या मागे निळ्या पिशवीतला डबा होता. खाली ओळ होती: डबा विसरलीस. आणून देऊ?

मग पडदा काळा झाला आणि नावांची यादी परत आली. लाल चौकोनाच्या जागी नुसती लाल रेघांची चौकट राहिली. मी परत त्यावर बोट ठेवलं. काही उघडलं नाही. मी अ‍ॅप बंद करून पुन्हा चालू केलं. भाऊ माझ्याकडे बघत होते. ते समोर बसले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं.

"कोण?" ते म्हणाले.

"ती," मी म्हणाले. "तिची आई."

आबांचा हात थांबला.

भाऊ म्हणाले, "तिचं असलं काही नव्हतं. तिला तर निरोपसुद्धा मीच वाचून दाखवायचो."

"होतं."

"काय आहे फोटोत?"

मी सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मला दाखवा." मी म्हटलं, येत नाही. ते म्हणाले, "कार्डावर बघा ना." मी कार्डावर पाहिलं.

त्यानंतर आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. चर्चची घंटा झाली. आबा एकदा आत जाऊन पाणी पिऊन आले. ती यायच्या आत निघून जावं असं मला वाटलं, पण बस सव्वासहाला होती.

भाची आली. सायकल लावून वर चढली. चटईवरची कार्डं पाहिली, मग फोन पाहिला. खाली बसून तिने तो उचलला आणि ते नाव काढलं. बराच वेळ तिचं बोट पडद्याच्या वर थांबलेलं होतं.

"कुणी उघडला?"

"मी," मी म्हणाले.

भाऊ म्हणाले, "मी सांगितलं त्यांना. मला वाटलं कुणी पोरगा आहे."

"पप्पा," ती म्हणाली, "पोरगा केळफूल नाव ठेवेल का?"

आबा हसले. त्यांनाच ते नको होतं असं दिसलं, कारण लगेच त्यांनी तोंड फिरवलं.

मग तिने सांगितलं. सांगताना ती फोनकडे बघत होती. वर्षापूर्वी आईने हिच्या मागे लागून स्वतःच्या फोनवर खातं उघडून घेतलं होतं. मैत्रीण म्हणून त्यात ही एकटीच. आईला टाइप करायचा कंटाळा, पण फोटो आवडायचे. मांजर, फरशी, पोळी करपली तर पोळी. हिने काही पाठवलं नाही की आई ओरडायची. मोबाइल घेऊन जास्त वेळ बसली तरी ओरडायची. "दोन्हीला ओरडायची," ती म्हणाली. त्या मंगळवारी सकाळी ती क्लासमध्ये होती, फोन दप्तरात होता. पावणेनऊला हा फोटो आला होता. नंतर तिला क्लासमधून न्यायला आलेल्या रिक्षात लाल चौकोन दिसला. तेव्हा उघडला नाही, कारण दवाखान्यात जायचं होतं. आणि नंतर उघडला नाही, कारण एकदाच दिसतो.

"एकदाच?" मी म्हणाले.

"उघडला की संपला, मावशी. स्टोरी वेगळी."

"आणि उघडलाच नसता तर?"

"तर महिनाभर राहतो. मग आपोआप जातो." तिने दप्तर खांद्यावरून उतरवलं. "आईच्या मासिकाच्या दिवशी पप्पांकडे फोन मागणार होते. दहा मिनिटांसाठी."

पहिल्या मासिक श्राद्धाला अजून अकरा दिवस होते.

ती रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. तिने विचारलं, "काय होतं?" मी सांगितलं. तिने परत विचारलं. कुठलं पातेलं, झाकणाचं की बिनझाकणाचं. खिडकी उघडी होती का. अंगठ्यात ते तांब्याचं वळं होतं का. मी म्हटलं, वळं आठवत नाही. ती म्हणाली, "आठव." मी डोळे मिटले. वळं होतं की नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला तसंच सांगितलं.

"लिहून दे," ती म्हणाली. "तुझ्या कार्डावर. जे नक्की दिसलं तेवढंच."

मी एक कोरं कार्ड काढलं आणि लिहिलं. ओटा, वर्तमानपत्र, केळफूल, पातेलं, अंगठा, डब्याची निळी पिशवी. खाली ती ओळ, प्रश्नचिन्हासकट. वळ्याचं लिहिलं नाही. तिने ते वाचलं, कडेने दुमडलं आणि कंपासपेटीत ठेवलं.

भाऊ म्हणाले, "फोन ठेव तुझ्याकडे."

"तुम्ही शब्द दिलाय," ती म्हणाली. "कावळा आला होता."

"मला माहीत नव्हतं."

"कावळ्याला पण माहीत नसेल. पण आला ना." तिने फोन बंद केला आणि त्यांच्या हातात दिला. "आता त्यात काही नाही."

आबा म्हणाले, "पोरी, कावळा भाताला येतो." पण ते फार हळू म्हणाले. मी सव्वासहाची बस घेतली.

सोमवारी त्या दोन मुली वाचनकक्षात आल्या. मी त्यांना विचारलं, निरोपाचा फोटो उघडला की किती वेळ राहतो.

"राहत नाही, मॅम. गेला. पण लगेच दाबून धरलं ना, की एकदा परत दिसतो. अ‍ॅप बंद करायच्या आत."

मी ते कार्डावर लिहिलं. आधीच्या कार्डावरचं 'पाहा: स्टोरी' खोडलं. तालिकेतलं कार्ड खोडायचं नसतं, नवीन करायचं असतं, तरी मी खोडलंच.

मुलींनी बहुधा शिक्षकखोलीत काही सांगितलं असावं. प्राचार्य आले आणि म्हणाले, तुमच्याकडे मुलांच्या अ‍ॅपची काहीतरी कार्डं आहेत म्हणे, पालकसभेत वाचून दाखवाल का. मी वाचून दाखवली. आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आठ-दहा पालक वाचनकक्षात येतात. बऱ्याच आया असतात. एक रिक्षावाले येतात, ते मागे उभेच राहतात. मी स्ट्रीक सांगताना चाफ्याच्या पुड्याचं सांगते, ते त्यांना पटतं. गेल्या वेळी एका बाईंनी त्यांच्या मुलाचा फोनच आणला होता. माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच बघा ना उघडून." मी तो न उघडता परत दिला आणि मुलासमोर बघा, असं सांगितलं. त्यांना मी टाळते आहे असं वाटलं असेल.

पहिल्या मासिकाला मी नंदाखालला गेले होते. केळफुलाची भाजी भाचीने केली होती, थोडी कडू झाली होती. सगळ्यांनी खाल्ली. जेवणानंतर भाऊ कपाटाकडे गेले, साड्यांखालून फोन काढला आणि तो चालू न करता चार्जिंगला लावला. बॅटरी फुगते म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं. तासाभराने काढून परत ठेवला. दर रविवारीही ते हे करतात, असं आबा म्हणाले.

फोन कपाटात आहे. कार्ड कंपासपेटीत आहे. दुमडलेल्या जागी ते फाटायला लागलं म्हणून भाचीने मागून चिकटपट्टी लावली आहे. तो फोटो मी एकटीने पाहिला.